मुक्ताबाईचा पाय आणि थोरल्या दिरांची बिडी

करिष्मानं पिशवीतून निळं पेन काढलं आणि मुक्ताबाईच्या डाव्या पायाच्या अंगठ्यावर, काळं जिथं संपत होतं त्याच्या जरा वर, जोडव्यासारखी गोल रेघ ओढली. पेन कातडीवरून फिरलं, पण मुक्ताबाईला ना टोचलं, ना गुदगुली झाली. बाकी पाऊल रात्रंदिवस ठणकत होतं आणि अंगठ्याला मात्र पेन फिरलेलंही कळेना. तिला ठणक्यापेक्षा त्याचीच भीती वाटली.

"काळं या रेघेच्या वर यायला न्हाई पायजे, मावशी," करिष्मा म्हणाली. करिष्मा म्हणजे उपकेंद्रातली नर्स, डोंगराकडच्या वाडीतल्या सावळाची नात. दिवसाआड घरी येऊन जखम धुवायची आणि पट्टी बांधायची.

"अन आलं तर?"

करिष्मानं पेनाचं टोपण लावलं, पेन पिशवीत टाकलं, पिशवीची चेन ओढली. एवढं सगळं उरकल्यावर म्हणाली, "तर मग नुसत्या अंगठ्यावर भागायचं न्हाई. पाऊल काढावं लागंल."

सून सारिका उशाशी उभी होती. तिनं गरम पाण्याचा तांब्या या हातातून त्या हातात घेतला आणि खाली बघत राहिली.

तो सोमवार होता. तळेगावच्या मोठ्या डॉक्टरांनी बोलावलं होतं पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी. म्हणजे अकरा दिवस. मुक्ताबाईची शाळा दुसरीत सुटलेली, पण दिवस मोजायला शाळा कशाला लागते. दोन्ही हातांची बोटं मोजून संपली आणि अकरावा दिवस मोजायला पायाचा अंगठा उरला, तोही असा.

मुक्ताबाईचं माहेर परंदवडीचं. सतराव्या वर्षी कार्ल्यात सून म्हणून आली, तिला आता एक्केचाळीस वर्षं झाली. नवरा गेणू लोणावळ्याला एका बंगल्यावर माळी. शनिवार-रविवार बंगल्यात पाहुण्यांची झुंबड, म्हणून त्याला सुट्टी बुधवारची. मुलगा आंबीच्या कंपनीत, पाळी बदलती, त्यामुळे घरात असला तरी झोपलेला. भाताची लावणी, काढणी, झोडणी मुक्ताबाईच्या अंगावर. उन्हाळ्यात डोक्यावर पाटी घेऊन हायवेच्या कडेला करवंदं-जांभळं विकायची, पावसाळ्यात शेगडी मांडून कणसं भाजायची. बसमधून उतरलेल्या बाया म्हणायच्या, मावशी, लिंबू जास्त लावा. मावशी लावायची आणि मीठही जास्त लावायची, म्हणजे पुन्हा पाण्याची बाटली घ्यायला शेजारच्या भागुबाईच्या टपरीवर जातील. टपऱ्यावाल्या बायांचं आपसात असं धरून असतं.

दोन वर्षांमागं तिला एक सवय लागली. घरून हायवेला निघाली की वाटेत तीन-चार दारांशी थांबायची. काय चाललंय, कालवण काय केलंय, पोरगी माहेरी आली का. गाव म्हणालं, मुक्ताबाईला म्हातारपणी गप्पांचा नाद लागला. नाद कसला. दोनशे पावलं झाली की डाव्या पोटरीत कुणीतरी दोर पिळावा तशी कळ यायची. थांबलं की दोन मिनिटांत जायची. नुसतं रस्त्यात उभं राहिलं तर लोक विचारतात, काय झालं म्हणून. त्यापेक्षा आपणच कुणाला तरी काहीतरी विचारलेलं बरं. अशा रीतीनं तिनं दोन वर्षं अख्ख्या आळीची ख्यालीखुशाली विचारली आणि स्वतःची कुणाला सांगितली नाही.

यंदा जूनमध्ये नवी चप्पल अंगठ्याला चावली. हळद भरली, खोबरेल लावलं, जखम भरेना. मग टोक जांभळं झालं, मग काळं. तळेगावच्या दवाखान्यात तपासलं तेव्हा डॉक्टरांनी दाखवलं की मांडीतली मोठी नस आतून निम्मी बुजलीय. तिच्यात तार घालून फुगा फुगवला आणि ती उघडली. पण घोट्याखालच्या नसा केसासारख्या. तिथं तार जात नाही. "तिथलं काम औषधानं आणि तुमच्या शरीरानंच करायचंय," डॉक्टर म्हणाले. आणि घरच्या कर्त्या माणसाला बोलावून दारात उभ्या-उभ्या सांगितलं, "घरात तंबाखू बंद. अजिबात. हे औषधाइतकंच महत्त्वाचं."

घरचं कर्तं माणूस म्हणजे महिपती. गेणूचा थोरला भाऊ, मुक्ताबाईचा थोरला दीर. वय बहात्तर, काठीसारखा ताठ, बायको जाऊन वीस वर्षं झालेली. डॉक्टरांचा शब्द त्यानं अगदी मनावर घेतला. घरी आल्यावर टोपीसुद्धा न काढता स्वयंपाकघरात गेला, फडताळातली मुक्ताबाईची मिसरीची डबी शोधून काढली आणि नेऊन उकिरड्यात भिरकावली.

"आजपासनं या घरात तंबाखू बंद," त्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. आणि एक मोठं काम हातावेगळं झालं म्हणून पडवीत टेकून बिडी पेटवली.

यात त्याचा काही कावा नव्हता. त्याच्या हिशेबी तंबाखू म्हणजे मळून तोंडात धरायची ती. मिसरी म्हणजे तीच भाजलेली. बिडी ती बिडी. मुक्ताबाईलाही ते पटलं. आठ दिवस मिसरीवाचून तिचं डोकं दुखलं, पोट फुगलं, सारिकावर विनाकारण डाफरली, पण डबी पुन्हा आणली नाही. आता आपण पथ्य पाळलंय, पायानं त्याचं काम करावं, असं तिचं म्हणणं.

पाय काही ऐकेना.

सोमवारी रेघ ओढून झाल्यावर करिष्मानं नाक ओढलं आणि पहिल्यांदा माजघराकडे नीट बघितलं. आजाऱ्याला वारा लागू नये म्हणून महिपतीनं खिडकीत पोतं कोंबलं होतं आणि वरून प्लास्टिकचा कागद खिळ्यांनी ठोकला होता. पडवीलाही पावसाचा कागद बांधलेला. खाटेपाशी सतरंजी, सतरंजीवर पानाचं ताट, ताटात सुपारी, चुना, बिडीचं बंडल आणि सात-आठ थोटकं. दवाखान्यातून माणूस घरी आलं की मावळात अख्खं गाव भेटायला येतं. लावणी उरकलेली, बाहेर पाऊस, माणसं रिकामी. बिस्किटाचा पुडा घेऊन यायचे, खाटेपाशी बसायचे, आणि आजारी माणसापुढं काय बोलावं ते सुचलं नाही की बिडी पेटवायचे. सुचायचं कुणालाच नाही.

"मावशी, हा धूर रोजचा?"

"पाहुणे येत्यात. न्हाई कसं म्हणायचं."

"अन महिपतीआबा?"

"ते तर घरचेच."

करिष्मा खाटेच्या कडेला बसली. "नस म्हणजे नुसता पाइप न्हाई, मावशी. पायाला रक्त जादा लागलं की ती आपणहून सैल होती, काम झालं की आवळती. तिला आतनं अस्तर असतं, ते हे सगळं बघतं. बिडीचा धूर अंगात गेला की त्या अस्तराचं कामच बिघडतं. नस सैल व्हायला मागत न्हाई. रक्त बी चिकट होतं. अर्धा तास बसलं तरी पुरतं. तुमी दिसभर बसताय. अन ह्या बारक्या नसांवर तर सगळं हाय आता."

"पण मी कुटं वढती?"

"बिडीचं एक टोक आबांच्या तोंडात असतं. दुसरं टोक कुणाच्या तोंडात असतं, सांगा बरं."

मुक्ताबाईनं ताटातल्या थोटकांकडे बघितलं.

करिष्मा उठून पडवीत गेली. आतून सगळं ऐकू येत होतं.

"आबा, मावशींच्या खोलीत बिडी वढू नका."

"सावळाची नात ना तू?"

"व्हय."

"तुझा आजा हितंच माझ्या शेजारी बसून बिडी वढायचा. त्याचा पाय झडला का?"

"न्हाई. तो छातीनं गेला."

"वयानं गेला," महिपती म्हणाला. "हे बघ पोरी, आमी वढतो तर आमाला व्हायला पायजे. माझे पाय बघ. आजबी डोंगर चढून येतो. तिची व्हती मिसरी, ती मी सोता नेऊन टाकली. आता तू पट्टी बांध, मी घर बघतो."

करिष्मा कात्री विसरल्याचं निमित्त करून पुन्हा आत आली. "माझं न्हाई ऐकत. तुमी सांगा."

"मी?" मुक्ताबाईला एवढ्या ठणक्यातही हसू आलं. "मी त्यांच्याशी बोलत न्हाई."

"भांडण हाय?"

"भांडण कशाला. थोरले दीर हायेत."

आता हे आजकालच्या पोरींना कळायचं नाही. पूर्वी थोरल्या दिरासमोर भावजय डोक्यावरचा पदर नीट करून दाराआड उभी राहायची आणि तोंडावर बोलायची नाही. गावातल्या बाकी घरांत ते कधीच संपलं, पण या घरात कुणी मोडलं नाही म्हणून राहिलं. एक्केचाळीस वर्षांत मुक्ताबाई महिपतीशी एक शब्द थेट बोलली नव्हती. मुलगा लहान होता तेव्हा त्याच्या तोंडून बोलायची. नंतर सुनेच्या. घरात कुणीच नसलं तर खांबाला सांगायची, "चहा झालाय म्हणावं." महिपतीही खांबालाच उत्तर द्यायचा, "साखर कमी घाल म्हणावं." त्या खांबानं बिचाऱ्यानं दोघांचे किती निरोप पोचवले असतील. दोघांचं वैर नव्हतं, उलट होतं. जाऊ गेल्यापासून त्याचं जेवण, त्याचं पथ्य, त्याच्या कपड्यांचं नीळ-साबण सगळं मुक्ताबाईनं केलं. आणि दवाखान्यात ती टेबलावर होती तेव्हा तीन तास बाकावर न बसता उभा राहिला तो महिपती. बोलणं तेवढं नव्हतं.

बुधवारी गेणू आला. मुक्ताबाईनं त्याला सगळं सांगितलं. तो अंगठ्याकडे बघून घाबरला, मान हलवली, "आत्ता सांगतो दादाला," म्हणून पडवीत गेला. अर्ध्या तासानं परत आला तेव्हा त्याच्या अंगाला बिडीचा वास होता.

"सांगितलं?"

"सांगणार व्हतो," गेणू म्हणाला. "त्यानं बिडी फुडं केली."

"अन तुमी घेतली."

"थोरल्यानं दिलेली न्हाई कशी म्हणायची?"

मुक्ताबाईनं भिंतीकडे तोंड केलं. त्या दिवशी करिष्मा पट्टी सोडून बराच वेळ वाकून बघत होती. काळं आणि निळी रेघ यांच्यात तांदळाचा दाणा आडवा मावेल एवढीच जागा उरली होती. सोमवारी दोन मावले असते.

गुरुवारी सकाळी महिपती नदीपल्याड लेकीकडे, माधवीकडे गेला, तिच्या खाचराचा बांध फुटला म्हणून. तो गेला आणि इंद्रायणीला पाणी आलं. पूल बुडाला. तीन दिवस पल्याडचा पल्याड, अल्याडचा अल्याड. पाऊस असा की आळीतलंसुद्धा कुणी भेटायला बाहेर पडेना. वीज गेली. माजघरात दिवसा अंधार. सारिकाला औषधाच्या गोळ्यांचे रंग दिसेनात, म्हणून तिनं कागद उचकटला आणि खिडकीतलं पोतं ओढून काढलं. उजेड आला, वाराही आला. ताटातली थोटकं तिनं झाडून टाकली.

शुक्रवारी दुपारी मुक्ताबाईला डोळा लागला. महिन्याभरात पहिल्यांदा ठणक्यानं उठवलं नाही. संध्याकाळी करिष्मा चिखल तुडवत आली, पट्टी सोडली, दाण्याएवढी जागा तशीच होती. शनिवारी सकाळी सारिकानं रोजच्यासारखा तळहात उलटा करून सासूच्या पावलाला लावला आणि हात तिथंच ठेवला.

"आई, कोमट लागतोय."

"तुझा हात गार असंल."

सारिकानं दुसऱ्या पायाला हात लावला, मग पुन्हा डाव्याला. "न्हाई. खरंच कोमट हाय."

मनाचे खेळ असतात, तिला ठाऊक होतं. पण औषधं तीच होती, जेवण तेच होतं, पट्टी तीच होती. घरात काय नव्हतं ते तिला उजेडात ठळक दिसत होतं. आणि आणखी एक दिसत होतं, की पाणी ओसरलं की पूल उघडणार.

रविवारी पूल उघडला.

महिपती दुपारी आला, तो एकटा नाही. वाटेत आळीतला हौशीराम भेटला, हौशीरामला आणखी दोघं भेटले. चौघंही ओले, चौघंही मुक्ताबाईला तीन दिवसांत भेटलो नाही म्हणून चुटपुटलेले. महिपतीनं आत पाऊल टाकलं आणि त्याची नजर आधी खिडकीवर गेली.

"ह्ये कुणी काढलं? वारा लागंल की तिला."

सारिका काही म्हणायच्या आत त्यानं स्वतः पोतं उचललं आणि खिडकीत दाबून दाबून बसवलं. आईनं लेकराला पांघरूण घालावं तसं. माजघर पुन्हा अंधारलं. चौघं सतरंजीवर टेकले. ताट पुढं आलं. काडी ओढल्याचा आवाज झाला.

मुक्ताबाई पदर सावरून छताकडे बघत पडली होती. पहिली बिडी, दुसरी बिडी. हौशीराम माधवीच्या बांधाचं विचारत होता. धूर आधी छताला लागला, मग हळूहळू खाली उतरला, खाटेवर आला. तिसरी. मुक्ताबाईच्या पावलातून ठणका वर चढू लागला. खरा असेल, भीतीचाही असेल. ती एकीकडे धूर बघत होती आणि एकीकडे दिवस मोजत होती. शुक्रवारला पाच.

"आबा," सारिकानं दारातून धीर केला. "पडवीत बसता का? आईंना तरास होतोय."

"पडवीत पाणी झिरपतंय. पाहुण्यांना पाण्यात बसवू?" महिपती म्हणाला. रागानं नाही, साधंच. "अन आमी काय तिला सोडून बसायला आलोय का? चहा टाक."

सारिका चहा टाकायला न जाता दारातच उभी राहिली. चौथी काडी ओढली गेली.

"दादा."

चौघांनी माना वर केल्या. महिपतीनं आधी सारिकाकडे बघितलं, मग दाराकडे, जणू बाहेरून कुणी हाक मारली. तो आवाज त्यानं एक्केचाळीस वर्षं ऐकला होता, पण आपल्या नावानं कधी ऐकला नव्हता.

"दादा, बिडी घेऊन भायेर जावा."

हौशीरामच्या हातातली काडी बोटापर्यंत जळत आली, त्यानं ती झटकली. महिपतीचा चेहरा हळूहळू ताठ झाला. तो सारिकाकडे वळला.

"सारिका, तिला म्हणावं, पाहुणे बसल्यात."

"मला सांगा," मुक्ताबाई म्हणाली. ती कोपरावर उठून बसली होती. डोक्यावरचा पदर तसाच होता, पण डोळे सरळ त्याच्याकडे होते. "मी हितंच हाय. पाहुण्यांनाबी सांगती. सगळ्यांनी भायेर बसा."

"एक्केचाळीस वरसं आमी या घरात बिडी वढतोय," महिपती म्हणाला. ते सारिकाला होतं की खाटेला, त्याचं त्यालाच कळलं नसेल.

"व्हय. अन मी बी तुमच्यासंगट. माझी वढून झाली आता."

बाहेर कागदावर पाऊस तडतडत होता. महिपतीच्या बोटांत बिडी जळत होती आणि राख सतरंजीवर पडली तरी त्याचं लक्ष नव्हतं. एवढ्या माणसांत, तेही भावजयीनं.

"शुक्रवारी माझं पाऊल कापायचं का ठेवायचं ते ठरणार हाय," मुक्ताबाई म्हणाली. "कापलं तर तुमीच उचलून न्याल मला, ठाऊक हाय मला. पण मला चालायचंय."

पहिला उठला हौशीराम. त्याला कधी नव्हे ती घरची आठवण झाली. मागोमाग दुसरे दोघं. शेवटी महिपती उठला. बिडी विझवली नाही, तशीच घेऊन बाहेर गेला, पडवीतूनही गेला, डोक्यावर काही न घेता भर पावसात गेला. सारिका छत्री घेऊन धावली. परत आली तेव्हा छत्री मिटलेलीच होती.

मुक्ताबाईनं हात छातीवर दाबून धरला होता. "पोतं काढ," ती म्हणाली.

महिपती घरामागच्या म्हशीच्या गोठ्यात जाऊन बसला होता. त्या दिवशी जेवायला आला नाही, ताट तिकडं गेलं. दुसऱ्या दिवशीही. पडायलासुद्धा तिथंच, गवताच्या पेंढ्यांवर घोंगडी टाकून. आळीत बातमी हौशीरामनं अशी पोचवली की मुक्ताबाईनं थोरल्या दिराला घराबाहेर काढलं. भागुबाई सांगायला आली, बाया काय काय बोलतायत ते. मुक्ताबाईनं ऐकून घेतलं. तिला स्वतःला तरी कुठं वेगळं वाटत होतं. बहात्तर वर्षांचा माणूस, त्याच्याच घरात, गोठ्यात. ताट परत आलं की आधी ती बघायची, भाकरी संपली का. संपलेली असायची. तेवढ्यावर ती दिवस काढायची.

मंगळवारी करिष्मानं पट्टी सोडली आणि मोबाईलचा उजेड पाडला. काळं निळ्या रेघेला टेकलं होतं.

"वर गेलंय?"

"न्हाई. टेकलंय."

"म्हणजे चाललंय वर."

"म्हणजे टेकलंय," करिष्मा म्हणाली. "उद्या परत येती. रोज येती आता."

बुधवारी गेणू आला. त्याला लोणावळ्यालाच बातमी लागली होती. दारात उभा राहून म्हणाला, "तू दादाला उठवलंस?"

"व्हय."

"चारचौघांत?"

"तुमी एकट्यात उठवायला गेलतात ना. काय झालं त्याचं?"

गेणू वहाणा काढायचा थांबला. मग तसाच मागं गेला. गोठ्यातून बराच वेळ दोघा भावांचं बोलणं येत होतं, शब्द कळत नव्हते. परत आल्यावर त्यानं विहिरीवर जाऊन चूळ भरली, हात-तोंड धुतलं, सदरा बदलला आणि मगच माजघरात आला. मुक्ताबाईनं ते बघितलं आणि पाय थोडा सरकवून त्याला खाटेवर जागा केली.

गुरुवारी काळं तिथंच होतं. शुक्रवारी सकाळी टमटम दारात आली तेव्हा गेणू आणि मुलगा तिला दोन्ही बाजूंनी धरून नेत होते. महिपती गोठ्याच्या दाराशी उभा होता. त्याच्या तोंडात बिडी होती, न पेटवलेली. टमटम जवळून गेली तेव्हा त्यानं ती काढून कानावर ठेवली. सोबत मात्र आला नाही.

मोठ्या डॉक्टरांनी पट्टी सोडली, अंगठा दाबून बघितला, पाऊल हातात घेऊन बसले. मुक्ताबाईला वाटलं, एवढा वेळ लावतायत म्हणजे वाईटच.

"काळं थांबलंय," ते म्हणाले. "वाळलंय. अंगठ्याचं टोक काढावं लागेल, नखाच्या मागपर्यंत. पाऊल राहील."

मुक्ताबाईनं गेणूकडे बघितलं. गेणूनं भिंतीकडे बघितलं आणि उपरण्यानं नाक पुसलं.

"धूर बंद केला म्हणून?" सारिकानं विचारलं.

"फुग्यानं नस उघडली, औषधं चालू आहेत, धूर बंद झाला. कशानं किती, ते मी सांगू शकत नाही," डॉक्टर म्हणाले. "पण यातलं एक जरी काढून घेतलं असतं, तर मला आज वेगळं बोलावं लागलं असतं. आणि हे संपलं असं समजू नका. नसा जुन्या झाल्यात. आयुष्यभर जपायचंय."

पाचव्या दिवशी ती घरी आली. नऊ बोटं आणि एक अर्धं, असं स्वतःच भेटायला येणाऱ्यांना सांगायची. भेटायला यायचे आता बहुतेक बायाच. पुरुष यायचे ते उंबऱ्यापर्यंत, पाय कसाय विचारून मागं गोठ्याकडं वळायचे. मैफल तिकडं हलली होती.

महिपती झोपायला घरात यायला लागला, जेवायलाही. पण बोलणं सारिकाच्या तोंडूनच. मुक्ताबाईला वाटलं, जे झालं ते त्या एका दिवसापुरतंच. तिनं दोन-तीनदा तोंड उघडून बघितलं, शब्द आला नाही. रागात बोलता येतं, एरवी कसं बोलतात ते तिला ठाऊकच नव्हतं.

महिना उलटत आला. एका दुपारी ती माजघरात पाय उशीवर ठेवून तांदूळ निवडत बसली होती. खिडकीपाशी सावली आली. महिपती बाहेर उभा होता, डोक्यावर पोत्याची खोळ. सारिका दळणाला गेली होती, घरात कुणी नव्हतं. त्यानं एकदा पडवीतल्या खांबाकडे बघितलं. मग खिडकीत वाकला.

"म्हशीनं दूध कमी केलंय," तो म्हणाला.

मुक्ताबाईच्या हातातलं सूप थांबलं. "कवापासनं?"

"आठ-दहा दिस झालं. खोकती बी."

"गोठ्यात किती जण बसता?"

"चार-पाच."

"दार लावून?"

"पाऊस आत येतो की."

मुक्ताबाईनं त्याच्याकडे बघितलं. महिपतीनं हातातल्या बिडीकडे बघितलं.

"म्हशीलाबी नसा असत्यात का?" त्यानं विचारलं.

"मला काय विचारता. करिष्मा येईल उद्या, तिला विचारा."

तो वळला. थोड्या वेळानं गोठ्याचं पत्र्याचं दार खरडत उघडल्याचा आवाज आला, पार भिंतीला लागेपर्यंत. मग हौशीराम कुरकुरला, "भाऊ, पाऊस येतोय की आत."

"येऊ दे," महिपती म्हणाला.